समाधानी माणूस गप्प बसतो का?

दिव्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्या माणसाला समाधानावर प्रवचन ऐकवायचं म्हणजे धाडसच. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून गेली. दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा त्याच दारात लटकलो. मुंबईकरांचं 'स्पिरिट' म्हणे!

गेल्या रविवारी आमच्या चाळीत वरच्या मावशींकडे प्रार्थनासभा होती. मी ख्रिस्ती नाही, पण शेजारधर्म म्हणून गेलो. दहा बाय बाराची खोली, एक पंखा, पंधरा-वीस माणसं. फिलिप्पैकरांस पौलाचं पत्र वाचलं गेलं. कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला आपण शिकलो, असं पौल त्यात सांगतो.

माझ्यातला बातमीदार लगेच जागा झाला. म्हणजे नळाला पाणी नसलं तरी आनंदी राहा! पुढाऱ्यांना आणखी काय हवं? निघताना मावशींना तसं बोललोही.

त्या हसल्या. "भाऊ, पौलाने ते तुरुंगातून लिहिलं. आणि तो तुरुंगात का होता? गप्प बसला नाही म्हणून."

घरी येऊन पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा काढलं. आई, वडील, बहीण दुष्काळातल्या भटकंतीत गेली. १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पण मन तेव्हाही शांत झालं नव्हतं. धर्म मिळाला, ख्रिस्त सापडायला पुढे आणखी काही वर्षं गेली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मला हा कबुलीजबाब फार मोलाचा वाटतो. पौलही 'शिकलो' असंच म्हणतो. एका रात्रीत मनःशांती देणाऱ्यांपासून, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, चार हात लांब राहिलेलं बरं.

शांती मिळाल्यावर बाईंनी काय केलं? दुष्काळातल्या मुली आणून केडगावला मुक्ती सदन उभं केलं. १८९७ ला, म्हणजे रँडचा खून झाला त्याच वर्षी, पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांचे होणारे हाल 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणले. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी भीड ठेवली नाही. स्वतःसाठी काही नको असलेल्या माणसाला घाबरवणार कशाने? १९२१ ला मनोरमाही गेली. बाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम मात्र थांबलं नाही. एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

आपली गल्लत इथेच होते. स्वतःच्या ताटात कमी आलं तर चालवून घेणं, हे समाधान. शेजारच्याचं ताट कुणी ओढून नेताना नुसतं बघत राहणं, याला दुसरा शब्द आहे. तुकोबांचंही आपण तेच केलं. सोयीची ओळ भिंतीवर लावली, दांभिकांवर ओढलेले कोरडे विसरलो. 🙏

काल सकाळी मावशी जिन्यात भेटल्या. हातात पाण्याच्या तक्रारीचा अर्ज, सह्या गोळा करत होत्या. मी त्रेचाळिसावा. "पत्रकार आहात ना? मग नुसती सही नको," म्हणाल्या, "सोमवारी अकराला सोबत चला."