इसाक चौकातील कोबी

जमिनीला ‘काळी आई’ म्हणण्याची आपली रीत आहे. म्हणूनच शहराच्या मातीत कुणी भाजी पिकवली, की समीक्षेच्या हाती एक हुकमी प्रतीक येते: विध्वंसातून उमललेले जीवन. या प्रतीकाविषयी आम्हांस शंका आहे. ती लेनिनग्राडच्या उदाहरणाने मांडतो.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने या शहराला वेढा घातला. त्या हिवाळ्यात कामगार नसलेल्या नागरिकांच्या वाट्याला काही आठवडे दिवसाकाठी फक्त १२५ ग्रॅम पाव आला, आणि तोही भेसळीचा. बर्फ वितळल्यावर, १९४२ मध्ये, लोकांनी उद्याने आणि चौक खणले. सेंट इसाक कॅथीड्रलसमोर कोबीचे गड्डे धरले. त्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

ती पाहून ‘चमत्कार’ हा शब्द सहज ओठांवर येतो. पण तो चमत्कार नव्हता. साठ अंश उत्तरेला पिकाला जेमतेम चार महिने मिळतात. मात्र जूनमध्ये तिथे रात्र नावापुरतीच असते आणि कोबी हलका गारठा सोसतो. कोणते पीक केव्हा लावावे, याच्या जाणतेपणावर तो मळा उभा होता.

त्या जाणतेपणाचे घर याच चौकात होते. निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर हिंडून जमवलेल्या बियाण्यांचा संग्रह तिथल्या संस्थेत होता. तो राखताना अनेक संशोधक उपासमारीने मेले. भाताच्या वाणांचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह त्यांतलेच. हाताशी धान्य होते, पण त्यांनी ते खाल्ले नाही. खुद्द वाविलोव्ह यांना सोव्हिएत सत्तेने १९४० मध्येच अटक केली होती. जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात, उपासमारीने खंगून, त्यांचा अंत झाला.

कोबीचे गुणगान करून हा तुरुंग वगळणारे वाचन आम्हांस अप्रामाणिक वाटते. मातीला आई म्हटले की सारे श्रेय तिच्या मायेला जाते. मग ज्यांनी ज्ञान मिळवले आणि ज्यांनी ते कोंडले, ते दोघेही नजरेआड होतात.

कुणी म्हणेल, प्रतीकाने कुणाचे काय बिघडते? बिघडते. उत्तरेकडील अनेक जुन्या शहरांच्या मातीत रंगांतले आणि पेट्रोलमधले शिसे अद्याप साचून आहे. तिथे भाजी लावणाऱ्याला आधी माती तपासावी लागते, ती दूषित निघाली तर वर स्वच्छ मातीचे वाफे रचावे लागतात. आईची परीक्षा कुणी घेत नाही, शहराच्या मातीची मात्र घ्यावीच लागते. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी तिला वंदन करण्याआधी वाचावे, एवढेच आमचे मागणे आहे.