जाटवाच्या खोलीतली हवा

चर्चासत्रांत मला एक प्रश्न हमखास येतो: जोडे चिकटवायच्या सोल्यूशनची वाफ हा आरोग्यशास्त्राचा विषय, त्यात जात कुठून आणली? मी नाही आणली. ती कायद्यातच आहे.

वाफ मोजणं अवघड नाही. कामगाराच्या कॉलरला, नाकाजवळ, कोळसा भरलेली बारीक काचनळी लावतात. कमरेचा छोटा पंप तीतून हवा ओढतो. नळीत अडकलेलं टोल्युइन, हेक्झेन, बेंझिन प्रयोगशाळेत मोजतात. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात अशा रसायनांच्या मर्यादा आल्या. टोल्युइनची १०० पीपीएम, आठ तासांची सरासरी.

पण कारखाना कशाला म्हणायचं? त्या कायद्यात विजेवर किमान १० कामगार, विजेशिवाय २०. २०२०च्या संहितेने हे आकडे २० आणि ४० केले. जुन्या कायद्याच्या कलम ८५ खाली राज्य सरकार लहान जागांनाही कायदा लावू शकत होतं. वगळलं कोणाला? फक्त घरच्यांच्या मदतीने काम करणाऱ्याला. आता सांगा, बाप, लेक, सून एका खोलीत बसून जोडे चिकटवतात ते हौसेने? जातीने धंदा घरात कोंडला, आणि घरात आहे म्हणून कायदा उंबऱ्याबाहेर थांबला.

आगऱ्याचंच घ्या. तिथे जोडे करणारे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः जाटव. ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडतो म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कारखान्यांना कोळसा सोडा, नाहीतर हला, असा आदेश दिला. दगडासाठी हवा मोजली गेली. चांगलंच झालं. पण घरात जोडे चिकटवणाऱ्याच्या नाकापाशी नळी लावणं कोणावरच बंधनकारक नाही. आणि आठ तासांची सरासरी तिथे काय कामाची? डबा त्याच खोलीत, स्वयंपाक तिथेच, झोपही तिथेच. पाळी सुटतच नाही.

धोका नवा नाही. जपानमध्ये १९६०च्या दशकात घरी सँडल चिकटवणाऱ्यांचे हातपाय हेक्झेनने लुळे पडले. इस्तंबूलच्या जोडे कामगारांत बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. आपल्याकडे फलाटावरच्या पोराने रुमालातून सोल्यूशन ओढलं की ते व्यसन; जाटवाचं पोर दिवसभर तीच वाफ घेतं, ते पिढीजात कसब!

मोजणी म्हणजे धंद्याला टाळं, ही वस्तीची भीती खोटी नाही. म्हणून मोजायला येणाऱ्याने पंपाबरोबर पंखा आणावा, पाण्यावर आधारलेलं सोल्यूशन आणावं, आणि खर्चाचा कागद. त्यावर सही माल उचलणाऱ्या निर्यातदाराची हवी.