पाऊस शाळा उघडायची वाट पाहत नाही

मंडईतल्या गाळेधारकांनो, पेठांतल्या पालकांनो, शिक्षकांनो आणि यंदा नववी-दहावीत जाणाऱ्या मुलामुलींनो,

हे आवाहन तातडीचं आहे, कारण हातात फार दिवस उरलेले नाहीत. मे महिना संपायच्या आत मंडईच्या आसपासच्या शाळांच्या पटांगणांत आणि जिथं जमेल तिथं घरांच्या गच्च्यांवर पर्जन्यमापक आणि तापमापक बसले पाहिजेत. रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांनी त्यांची नोंद घ्यावी आणि ती मंडईत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा फळ्यावर लिहावी. मागणी एवढीच आहे.

घाई अशासाठी की २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात दाखल झाला. एरवी तो जून उजाडल्यावर येतो. त्या वेळी शाळांना सुट्टी होती. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, वर्ग लागतात, वह्या-पुस्तकं येतात आणि नववीच्या भूगोलातला ‘वृष्टी’ हा पाठ फळ्यावर येईपर्यंत वळीव कधीच होऊन गेलेला असतो. मग आरोह, प्रतिरोध आणि आवर्त ही पावसाची नावं परीक्षेपुरती पाठ होतात. दुपारभर जमीन तापली, चारच्या सुमाराला ढग उभे चढत गेले आणि तासाभरात धो धो कोसळून मोकळे झाले, तो आरोह पाऊस आपल्याच अंगणात पडला होता, हे मुलांना त्या क्षणी कुणी दाखवलेलंच नसतं. म्हणून यंदा शाळेची घंटा व्हायची वाट पाहू नका. सुट्टीतच सुरुवात करा.

हा प्रश्न गुणांपुरता असता तर इतक्या कळकळीनं लिहायचं कारण नव्हतं. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र दक्षिण पुण्यातली माणसं विसरलेली नाहीत. कात्रजकडच्या टेकड्यांवर आणि उतारांवर काही तासांत कोसळलेला पाऊस आंबिल ओढ्यात उतरला आणि सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या पट्ट्यात भिंती पाडत घरांत शिरला. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. आपल्या दारात किती पडतोय हे ओढ्याकाठच्या माणसाला दिसत होतं. वर डोंगरात किती पडलाय हे कळायला त्याच्या हाताशी काहीच नव्हतं. कात्रज आपल्याला लांब वाटतं. पण नानासाहेब पेशव्यांनी तिथं तलाव बांधून ते पाणी नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं होतं. जमिनीचा उतार आजही तोच आहे.

पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, हे पुण्याइतकं चांगलं दुसरीकडे क्वचितच शिकता येईल. जे वारे लोणावळ्याला पाऊस ओततात तेच सह्याद्री उतरून इथं पोचेपर्यंत कोरडे झालेले असतात. सत्तर किलोमीटरच्या आत पावसाचं मान कित्येक पटींनी घटतं. पुस्तकातला पर्जन्यछायेचा प्रदेश तो हाच. शहराच्या आतही तीच गत आहे. वर्तमानपत्रात शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव यांचे आकडे वेगवेगळे छापून येतात ते उगाच नव्हे. गडगडाटी ढग काही किलोमीटरांचाच असतो. तो कोथरूडला भिजवून मंडईला कोरडं ठेवू शकतो. मग शुक्रवार, बुधवार आणि कसबा पेठेत नेमका किती पडला, हे मोजणार कोण? आपणच.

मिलिमीटर हा शब्द रोज कानावर पडतो, पण शंभर मिलिमीटर ऐकून कुणी दचकत नाही. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एक चौरस किलोमीटर उतारावर १०० मिलिमीटर पडला की १० कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला मुसळधार म्हणतं आणि २०४.४च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. ६४.५ मिलिमीटर पाऊस दिवसभरात संथपणे पडला तर निभावतं. तासा-दीड तासात पडला तर लक्ष्मी रस्ता वाहायला लागतो. म्हणून नोंदवहीत पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळही लिहा. ज्या मुलीनं स्वतः हे पाणी मोजलं आहे, तिला केशरी किंवा लाल इशारा आला की घरच्यांना उठवावं लागेल हे सांगायची गरज पडणार नाही.

साधन अवघड नाही. तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असलेलं, म्हणजे साधारण ११.३ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं आणि खाली बाटली. त्यात जमलेलं १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असावा आणि जवळची भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा. पेठांत अशी जागा मिळणं मुश्कील, म्हणून शाळांची पटांगणं हवीत. गच्चीवर वाऱ्यामुळे आकडा थोडा कमी भरतो, पण जागा बदलली नाही तर रोजची तुलना करता येते. तापमापक उन्हात टांगू नका. झडपांची पांढरी लाकडी पेटी, दार उत्तरेला. मुलांच्या हाती पाऱ्याऐवजी अल्कोहोलचा तापमापक द्या.

आणि दोन तापमापक ठेवा, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. त्यातलं शास्त्र समजायला सकाळी मंडईत पालेभाजीच्या गाळ्यापाशी थोडं थांबा. मावशी कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओलं गोणपाट टाकते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी भराभर उडतं, उडताना उष्णता ओढून घेतं आणि खालची जुडी गार राहते. दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा शिंपडावं लागतं. जूनमध्ये हवाच बाष्पानं भरलेली असते. गोणपाट ओलंच्या ओलं राहतं आणि खाली दाबून ठेवलेली मेथी पिवळी पडून सडायला लागते. ओल्या आणि कोरड्या तापमापकांतला फरक हेच सांगतो. फरक जितका कमी, तितकी हवा दमट, आणि तितका आपला घामही कमी उडतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हा तिथं पारा चाळिशीला टेकलेलाही नव्हता. नुसता तापमानाचा आकडा पुरत नाही, तो याचसाठी. हमाल, हातगाडीवाले, पाटीवाल्या यांना दुपारी सावलीला कधी जायचं, हे सांगणारा फळा मंडईत असलाच पाहिजे.

या विषयावर पुण्याचा मोठा हक्क आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं. शिवाजीनगरच्या त्या जागेला आजही सिमला ऑफिस म्हणतात. १९४८ साली अण्णा मणी पुण्यात या खात्यात रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणं देशातच बनावीत म्हणून झटल्या. हुजूरपागा आणि नूमवि या शाळांतल्या मुलामुलींना हे नाव माहीत असायला हवं. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विजेची पूर्वसूचना देणारं ‘दामिनी’ ॲप बनवलं आहे. ते आजच मोबाइलवर घ्या.

शाळांना विनंती आहे की दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातल्या पहिल्या पाठातली क्षेत्रभेट मंडईत करा. बस लागत नाही, खर्च येत नाही. गाळेधारकांनी फळ्याला जागा द्यावी. मार्केट यार्डात शेकड्यानं माल उचलताना जुन्नर, खेड, पुरंदरकडे पाऊस आहे का, याची चौकशी तुम्ही करताच. तीही मुलांच्या कानावर घाला. महापालिकेनं परवानगीचं काम रेंगाळू देऊ नये. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी फळा गणेशोत्सवापर्यंत जपावा. पालकांनी सुट्टीत मुलाला साडेआठच्या आत उठवावं आणि एक अट कडक पाळावी. गडगडाट ऐकू येत असताना कुणीही गच्चीवर जायचं नाही, नोंद नंतर घेतली तरी चालेल. आणि पाणी बघायला ओढ्याकाठी तर मुळीच जायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी जमू या आणि कुठल्या शाळेत, कुठल्या गच्चीवर मापक बसवायचा ते तिथंच ठरवू. साडेआठला पहिली नोंद होईल. पाऊस नसेल तर ०.० लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. येताना मोजपट्टी, नरसाळं, सरळ कडांची बाटली आणि दोनशे पानी वही आणा.