खुराडं कोरडं, तर कोंबडी धड

सिन्नर पर्जन्यछायेतला तालुका. वावी-पांगरीकडं तर ऐन पावसाळ्यातही टँकरची वाट पाहायची सवय. म्हणून इथं परसात खुराडं बांधताना विचार होतो तो मुंगसाचा, बोक्याचा आणि वैशाखातल्या उन्हाचा. पाणी कुणाच्या हिशेबात नसतं. मग १ सप्टेंबर २०२२सारखा दिवस उजाडतो, सरस्वती नदी घरा-दुकानांत शिरते. २०२५च्या मेमध्ये तर अवकाळीत बसस्थानकाच्या छताचा भाग खाली आला. तिथं परसातल्या पत्र्याची काय कथा!

पाऊस उघडला की बहुतेक घरांत फडकं घेऊन कोंबड्यांमागं धावाधाव सुरू होते. मोठी कोंबडी भिजली तरी वारा न लागणारा आडोसा मिळाला की आपली आपण वाळते. ऊब लागते ती पिसं न फुटलेल्या पिलांना. त्यांना डालग्यात घालून वर बल्ब लावावा. बाकी सगळा जीव लावायचा तो जमिनीला.

खाली अंथरलेलं तूस मुठीत दाबून पाहा. गोळा झाला आणि मूठ उघडल्यावरही तसाच राहिला, तर ते काढायलाच हवं. आपण नेमकं उलटं करतो, ओल्यावर कोरडं पसरतो. वरून छान दिसतं, खाली विष्ठा कुजत राहते आणि अमोनिया सुटतो. तो उभ्यानं कळत नाही. कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसा. डोळे चुरचुरले तर ती रात्रभर काय सोसते ते समजेल. तूस खरवडून खड्ड्यात टाकावं, तळ वाळू द्यावा, विरलेला चुना हलक्या हातानं भुरभुरावा आणि मग नवं अंथरावं. कळीचा चुना मात्र नको, ओलीत पाय पोळतात.

हे लगोलग का? रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते बाधण्याजोगे होतात. ‘रविवारी साफ करू’ म्हणणाऱ्याला ते थांबत नाहीत. कोवळं पिलू पंख पाडून, फुगून बसलं, विष्ठा लालसर दिसली, की हळदीचे प्रयोग सोडून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

दुसरा हट्ट ताडपत्रीचा. चारी बाजूंनी आवळली की आत दमट कोंडतं. झड येते तेवढीच बाजू झाकावी, बाकी जाळी मोकळी ठेवावी. काळ्या मातीतल्या फिरायच्या जागेत डबकी राहतात आणि कोंबड्यांना भांड्यातल्या स्वच्छ पाण्यापेक्षा तेच गढूळ गोड लागतं, का ते त्यांनाच ठाऊक! एका कडेनं चर काढून मुरूम टाकला की निम्मं काम होतं.

राहिलं ते मक्याचं पोतं. ओल लागून बुरशी धरलेला मका ‘कोंबडीला काय होतंय’ म्हणून पुढं टाकला जातो. बुरशीचं विष थेट यकृतावर जातं. मका उन्हात खडखडीत वाळवला तरी ते उरतंच. पोत्याकडं पाहून जीव तुटतो, भाव माहीत असतो ना! तरी त्याची जागा तुसाच्याच खड्ड्यात, आणि वर माती, नाहीतर कोंबड्याच तो उकरून काढतात.