आधी नव्वद फूट द्या!

दिवाळीच्या किल्ल्याला माती पिशवीतून विकत आणावी लागते, याचे शीळफाट्याकडच्या आईबापांना आता नवलही वाटेनासे झाले आहे. माती विकत मिळते, तसा खेळही पडद्यावरून घरपोच मिळेल, अशी काही शहाण्यांची समजूत आहे. त्यांच्याशी यंदा थोडे भांडायचे आहे.

जपानात १९६६ साली ‘क्योजिन नो होशी’ ही चित्रकथा सुरू झाली आणि १९६८ मध्ये ती चित्रवाणीवर आली. गरिबाघरचा मुलगा, कडक बाप आणि बेसबॉल. डिसेंबर २०१२ मध्ये तिचा भारतीय अवतार ‘सूरज : द रायझिंग स्टार’ कलर्स वाहिनीवर प्रकटला. बेसबॉलचे क्रिकेट झाले आणि मुलगा मुंबईच्या झोपडवस्तीतला झाला. बेसबॉल का काढला, म्हणून कोणी रुसेल. रुसायला हरकत नाही. विटी हवेत झेलली की गडी बाद, हे ज्यांना बाळपणीच कळते, त्यांना बेसबॉल काही जड गेला नसता.

पण माझे भांडण त्याहून जुने आहे. बेसबॉल घ्या की क्रिकेट घ्या, खेळाचा श्रीगणेशा अंतरापासून होतो. बेसबॉलमध्ये एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत ९० फूट. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. चेंडू हातातून केव्हा सुटावा, झेलायला किती मागे सरावे, हे खांद्याला आणि डोळ्याला ते अंतरच शिकवते. अशा चित्रमालिकांत चेंडू एकदा सुटला की हवेतच रेंगाळतो. तेवढ्यात नायकाला बाप आठवतो, शपथ आठवते, मग चेंडू पोहोचतो. गंमत मोठी आहे, नाही कोण म्हणतो? पण खऱ्या चेंडूला एवढी सवड नसते.

कोणी म्हणेल, “अहो, पोरांना स्फूर्ती तर मिळते!” मिळते ना! ती घेऊन पोरगे चेंडूसकट खाली उतरते. खाली मोटारींची रांग, हिरवळीवर ‘चेंडू खेळण्यास मनाई’ची पाटी आणि फाटकाबाहेर कल्याण-शीळ रस्त्यावरचे ट्रक. स्फूर्ती जिना चढून परत पडद्यापुढे बसते.

जागा नाही म्हणता? वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत जपानी धर्तीच्या गाडीसाठी २१ किलोमीटरचा बोगदा योजला आहे. त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. गाडीला खाडीच्या पोटातून वाट सापडते आणि पोराला ९० फूट सापडत नाहीत! राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या विकासात १० टक्के मोकळी जागा सोडण्याचा नियम आहे. कागदावर जागा आहे; कुलूप आपल्या मनाला आहे. काचा फुटतील, झोपमोड होईल, हिरवळ तुडवली जाईल. तुडवू द्या! हिरवळ पुन्हा उगवते, आठवे वर्ष पुन्हा येत नाही.

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून एवढे कराच. सोसायटीच्या पुढच्या सभेत उठून उभे राहा आणि संध्याकाळचा एक तास त्या हिरवळीवरची पाटी उतरवायला लावा. बापांनी दोरी घेऊन ९० फूट मोजावेत, आयांनी पहिला चेंडू टाकावा. पडद्यावरचा तारा मग खुशाल चमकू दे; पोरे त्याला मैदानावरून येऊन, पाय धुऊन बघतील.