निलंबनापलीकडची रुग्णसुरक्षा

आजाराने नव्हे, तर उपचार करताना रुग्णाला होणारा अपाय टाळणे म्हणजे रुग्णसुरक्षा. चुकीचे औषध, दुप्पट मात्रा, अस्वच्छ हातांनी पसरलेला संसर्ग, वेळेवर न कळलेली बिघडती प्रकृती हे त्याचे नेहमीचे प्रकार. यातले बरेचसे अपाय एका खात्याकडून दुसऱ्याकडे रुग्ण सोपवताना घडतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाट परिसरात एखाद्या गरोदर बाईला रक्तदाब वाढून झटके आले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन तिला 108 रुग्णवाहिकेने बुलढाण्याला पाठवायचे असते. सोबत संदर्भ चिठ्ठी जाते. तिच्यावर ‘इंजेक्शन दिले’ एवढेच असेल, किती ग्रॅम आणि किती वाजता हे नसेल, तर वरच्या रुग्णालयातली सिस्टर काय करणार? पहिली मात्रा पुन्हा दिली तर आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाऊ शकते, मग श्वास मंदावू शकतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी लागते. मात्रा दिलीच नाही, तर झटका पुन्हा येऊ शकतो. दोन्ही धोके त्या चिठ्ठीवरच्या दोन रिकाम्या जागांतून येतात.

चिठ्ठी सुधारणे ही किरकोळ बाब वाटते. पण आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, तर जिल्हा रुग्णालय शासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. मधल्या प्रवासाचा धनी कोणी नाही. अशी दरी खालची परिचारिका बुजवू शकत नाही. त्यासाठी दोन्ही कार्यालयांच्या प्रमुखांनी एका टेबलाशी बसावे लागते. संघटनात्मक बदलाचे नेतृत्व नेमके इथे लागते, आणि नेमके इथेच ते सहसा गायब असते.

त्याऐवजी महाराष्ट्रात काय होते, ते 2021 च्या जानेवारीने दाखवले. 9 जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बाळे दगावली. चौकशी झाली, शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. 31 जानेवारीला यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बरी झाली, आणि तिघांवर कारवाईची घोषणा झाली. कोविडमुळे लसीच्या बूथवर सॅनिटायझर ही नवी वस्तू येऊन बसली होती. ती लसीपासून लांब ठेवण्याची व्यवस्था कोणी ठरवायची होती, याची चर्चा कारवाईइतकी रंगली नाही. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 11 रुग्ण गेले. भंडाऱ्यातल्या कारवाईने नगरच्या रुग्णांचे रक्षण झाले नाही.

दोष वरपर्यंत शोधण्याची परंपरा या राज्यात नाही, असेही नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिल्याने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने वॉर्डापुरते न पाहता औषधखरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय यांची झाडाझडती घेतली. 1988 मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. तेवढी हिंमत पुढे क्वचितच दिसली.

दोष शोधण्यापलीकडे काय करता येते, हे अमेरिकेत दिसले. तिथल्या मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत एक छोटी तपासयादी लागू केली. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, जंतुनाशकाने त्वचा पुसणे, पूर्ण आच्छादन वापरणे, अशा साध्या पायऱ्या. संसर्गाचा मध्यक दर तीन महिन्यांत शून्यावर आला. यादीतले काहीच नवे नव्हते. नवी होती ती परिचारिकेला मिळालेली मुभा: पायरी चुकली की तिने डॉक्टरला थांबवायचे, आणि रुग्णालयाचे वरिष्ठ तिच्या पाठीशी राहणार. आपल्याकडे मोठ्या डॉक्टरांना ‘सर, थांबा’ म्हणणारी सिस्टर पुढच्या बदलीच्या यादीत नाव पाहूनच घरी जायची शक्यता जास्त, हे वॉर्डातल्या मावशीलाही ठाऊक असते.

बुलढाण्यात यासाठी फार पैसा लागत नाही. संदर्भ चिठ्ठीवर मात्रा आणि वेळेचे ठळक चौकोन छापणे, ते रिकामे असल्यास रुग्णवाहिका सुटण्यापूर्वी फोन करणे, आणि दर महिन्याला दोन्ही प्रमुखांनी परत आलेल्या चिठ्ठ्या एकत्र वाचणे, एवढ्याने सुरुवात होते. मातामृत्यूचे अन्वेषण जिल्हाधिकाऱ्यांसमोर आजही होते. त्याच बैठकीत थोडक्यात बचावलेल्या बायकांची प्रकरणेही यावीत, आणि ती आपणहून सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही असे लेखी पत्र निघावे. मुद्दाम केलेला हलगर्जीपणा आणि नशेत बजावलेली ड्यूटी यांना अर्थातच हे संरक्षण नको. त्या पत्रावर शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, दोघांच्याही सह्या हव्यात; एकाचीच सही असेल तर ते पत्र चिठ्ठीइतकेच अर्धवट राहील.