हलगीचा मान आणि हलगीवाल्याचा मान

आनंदाच्या व दुःखाच्या दोन्ही प्रसंगीं एकच वाद्य बोलावण्याची चाल ज्या समाजांत आहे, त्या समाजानें मनुष्याचें अंतःकरण चांगलें ओळखलें आहे, असें आम्ही समजतों. आमच्या वाशीच्या आसपास हें वाद्य म्हणजे हलगी होय. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला कीं हलगी, पोळ्याला बैल वेशींत आले कीं हलगी, जत्रेंतील कुस्त्यांच्या फडांत हलगी. आणि एखादा म्हातारा नातवंडें-पतवंडें पाहून पिकल्या पानासारखा गळाला, तर त्याच्या तिरडीपुढेंही कित्येक गांवीं हलगीच. वारकऱ्याच्या घरीं तिची जागा टाळ-मृदंग घेतात. तुळजापूरच्या व येरमाळ्याच्या देवीच्या यात्रेंत तिच्या जोडीला संबळ असतें. कर्त्या वयाचा मनुष्य अकालीं गेला तर मात्र वाद्य मुकें राहतें, आणि तें मुकेपणही लोकांस कळतें.

हिची घडण अगदीं साधी. लाकडी किंवा लोखंडी कडें, त्यावर ताणून बसविलेलें कातडें, एका हातांत जाड टिपरूं व दुसऱ्या हातांत बारीक लवचीक काडी. वाजविण्यापूर्वीं काडीकचऱ्याचा जाळ करून ती शेकावी लागते. शेकल्यानें कातडें ताणतें व नाद कडक निघतो. लग्नाचा ताल निराळा, कुस्तीचा निराळा, अंत्ययात्रेचा निराळा. जाणता मनुष्य शेतांत उभा राहून नुसत्या नादावरून सांगतो कीं, गांवांत काय घडलें आहे.

आतां कित्येक सुशिक्षितांचें म्हणणें असें कीं, प्रेतापुढें वाद्य वाजविणें हें रानटीपणाचें लक्षण होय. शोक मूकपणें करावा. अशा वाचकांनीं क्षणभर पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाकडे पाहावें. तेथील असांते लोकांत अंत्यविधि म्हणजे साऱ्या गांवाचें कर्तव्य समजतात. काळीं व तांबडीं वस्त्रें नेसून लोक जमतात, ढोल वाजतात, आणि स्त्रिया ‘अडोवा’ नांवाचें संथ नृत्य करतात. त्यांत हातांच्या खुणांनीं दुःख सांगितलें जातें. जें बोलतां येत नाहीं तें हात बोलतात. हेंच नृत्य आनंदोत्सवांतही होतें. त्यांची भाषा स्वरांच्या चढउतारावर अर्थ बदलणारी असल्यामुळें ‘अतुम्पान’ नांवाची ढोलांची जोडी शब्दांची नक्कल करूं शकते व मृताचें नांव आणि त्याच्या पूर्वजांची थोरवी उच्चारते. या लोकांच्या शोकगीतांचा क्वाबेना न्केतिया या विद्वानानें अभ्यास केला व तो 1955 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. ज्यास आपण गोंगाट म्हणतों तें मोठें वाङ्मय असूं शकतें, हें त्या ग्रंथानें जगास दाखविलें.

त्याच देशांतील एफ्राइम आमू या ख्रिस्ती शिक्षकाची हकीकत आम्हां शिक्षकांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अक्रोपाँग येथील मिशनच्या अध्यापक विद्यालयांत ते संगीत शिकवीत. त्यांनीं देशी वस्त्र नेसून उपदेश केला, देशी वाद्यें व देशी चालींचीं गीतें उपासनेंत आणलीं, आणि या कारणानें 1933 सालीं त्यांस नोकरीस मुकावें लागलें. आज घानांतील ख्रिस्ती मंडळ्यांत ढोल उघडपणें वाजतात. आपल्याकडे 1895 सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन उपासनेंत रुजविलें, म्हणून मराठी ख्रिस्ती मनुष्य आपल्या भाषेंत आपल्या तालावर गाऊं लागला. एवढें झालें तरी टाळ-मृदंगास मिळालेला मान हलगीस मात्र मिळाला नाहीं. याचें कारण काय?

कारण सर्वांस ठाऊक आहे. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मांग समाजाकडे सोंपविलेली. वादकावांचून लग्न अडे. पण पंगतींत त्याचें पान दूर मांडलें जाई. देवीपुढें त्याची हलगी चाले, तो स्वतः पायरीखालीं उभा राही. तामिळनाडूंत ‘परै’ नांवाच्या ढोलाची हीच गत झाली. त्या वाद्यावरून एका सबंध जातीचें नांव पडलें असें मानतात. जेथें वाद्याचा स्वीकार आणि वादकाचा धिक्कार एकाच दारांत होतो, तेथें त्या कलेचें कौतुक करणें ही नुसती ढोंगबाजी होय.

म्हणूनच या समाजांतील शिकलेलीं मुलें हलगीस हात लावीत नाहींत, याबद्दल आम्ही त्यांस मुळींच दोष देत नाहीं. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं 1927 सालीं महाडच्या परिषदेंत हीनपणाचीं कामें टाकून द्या असा उपदेश केला, तो सक्तीच्या सेवेविरुद्ध होता. बापानें वाजविली म्हणून मुलानें वाजवावी, ही सक्ती सेवेचीच सक्ती आहे. “संस्कृति टिकविण्यासाठीं तुम्ही वाजवीत राहा” असें सांगणाऱ्यानें आधीं आपल्या मुलाच्या गळ्यांत हलगी अडकवून दाखवावी.

परंतु टाकून देणें हा एकच मार्ग आहे काय? अण्णा भाऊ साठे याच समाजांत 1920 सालीं जन्मले. तमाशा व पोवाडा ही कला त्यांनीं टाकली नाहीं; ती कोणासाठीं उभी राहील, हें मात्र त्यांनीं बदललें. तामिळनाडूंत दिंडिगल येथील ‘शक्ति’ संस्थेच्या मुली आज तोच परै ताठ मानेनें रंगमंचावर वाजवितात. वाद्य तेंच राहिलें, पण त्यामागची लाज गेली.

इकडे आपल्या गांवांत हलगीची जागा भाड्याच्या ध्वनिवर्धकांनीं घेतली आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा 55 व रात्रीं 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धकास मनाई आहे. हे नियम वरातीपुढें किती पाळले जातात, तें वाचकांनींच सांगावें. त्या भिंतीएवढ्या पेट्यांस सुख आणि दुःख यांतील भेद कळत नाहीं. हलगीवाला तिरडीमागील विधवेकडे पाहून हात आवरतो. यंत्रास तो विवेक कोठून येणार?

तेव्हां आमचें मत आम्ही स्पष्ट मांडतों. पहिली गोष्ट, हलगीवाल्याची बिदागी आधीं ठरवून रोख द्यावी. ओवाळणी, उष्टें व जुनें धोतर यांवर त्याची बोळवण करूं नये. दुसरी, ज्या पंगतींत वऱ्हाडी बसतात त्याच पंगतींत त्याचें पान मांडावें. तिसरी, आणि हीच शाळेच्या हातांतील, ती अशी कीं, लेझीम शिकवितों तशी हलगी सर्व जातींच्या मुलांस व मुलींस शिकवावी, आणि गांवांतील वयोवृद्ध वादकास मानधन देऊन ‘गुरुजी’ म्हणून वर्गांत बसवावें. देशमुखाचा मुलगा त्याच्यापुढें टिपरूं धरावयास शिकूं लागला, कीं त्या वाद्यावरील जातीचा शिक्का आपोआप पुसूं लागेल. ज्यास शिकावयाचें नाहीं त्यास, मग तो कोणाचाही मुलगा असो, सक्ती करूं नये.

यासाठीं मोठा खर्च लागत नाहीं. एक कडें, एक कातडें, दोन काड्या व थोडा जाळ एवढें पुरे. उणीव आहे ती मोकळ्या मनाची. आमच्या जन्माच्या, लग्नाच्या व मरणाच्या वेळीं जो मनुष्य आमच्यासाठीं हात दुखेपर्यंत वाजवितो, त्याच्या स्वतःच्या अखेरच्या यात्रेंत वाजविण्यास गांवांतील किती हात पुढें येतील, हा प्रश्न प्रत्येक वाचकानें आपल्या मनाशीं विचारावा. या प्रश्नाचें उत्तर आपल्या शाळेंत तयार होऊं शकेल, अशी आम्हांस आशा आहे.